राजकारणातल्या 'आउटसायडर'ला मराठीत काय म्हणावे: उपरा, बाहेरचा, नवखा?

बोरू:
राजकारणात उभा जन्म घालवलेल्या पुढाऱ्यांना डावलून मतदार राजकारणाचा गंधही नसलेल्या माणसाकडे का वळतात, या विषयावरील एक लेख मी सध्या मराठीत आणत आहे. त्यातले मुख्य उदाहरण युक्रेनचे आहे. तोवर राष्ट्राध्यक्षाची भूमिका फक्त दूरचित्रवाणी मालिकेत केलेल्या झेलेन्स्की यांनी एप्रिल २०१९ मध्ये, दुसऱ्या फेरीत सुमारे ७३ टक्के मते मिळवून, पदावर असलेल्या पोरोशेन्को यांचा पराभव केला. मूळ लेखात पानोपानी येणाऱ्या 'आउटसायडर' या शब्दासाठी मी 'उपरा' लिहिले होते. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्याला लाल वर्तुळ करून समासात लिहिले आहे, 'उपऱ्याला मत कोण देईल?' त्याच्या जोडीच्या 'करिअर पॉलिटिशियन'साठी मी लिहिलेले 'धंदेवाईक राजकारणी' खोडून त्यांनी 'व्यावसायिक राजकारणी' केले आहे. मला दोन्ही दुरुस्त्या पटलेल्या नाहीत, पण दुसरा शब्दही सुचत नाही.

परभणीकर:
बोरूताई, पहिल्या शब्दाबाबत त्या बाईंचे बरोबर आहे. आमच्याकडे निवडणुकीच्या तोंडावर 'उपरा उमेदवार नको, स्थानिकाला संधी द्या' हे वाक्य हमखास ऐकू येते आणि तिथे उपरा म्हणजे मतदारसंघाबाहेरून आणून पक्षाने माथी मारलेला माणूस. तो बहुतेक वेळा मुरलेला पुढारीच असतो, म्हणजे आपल्या लेखातल्या माणसाच्या नेमका उलट. मधु लिमये जन्माने पुण्याचे, पण १९६४ साली ते बिहारमधल्या मुंगेरमधून लोकसभेवर निवडून गेले. गावाच्या हिशेबाने ते उपरे ठरतील, राजकारणाच्या हिशेबाने मुळीच नाही. तेव्हा सरळ 'राजकारणाबाहेरचा' लिहावे.

तळटीप:
'उपरा' या शब्दाला माझा विरोध आहे, पण कारण निराळे आहे. १९८० साली लक्ष्मण माने यांचे याच नावाचे आत्मकथन आले, तेव्हापासून हा शब्द माझ्या पिढीसाठी साधा राहिलेला नाही. कैकाडी समाजातल्या, गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या आणि कोणत्याच गावाने आत न घेतलेल्या माणसांचे जगणे त्या तीन अक्षरांत उतरलेले आहे. २०१६ साली अमेरिकेत निवडून आलेले ट्रम्प यांना त्याआधी लोकनियुक्त पदाचा, सरकारी हुद्द्याचा किंवा सैन्यातील सेवेचा अनुभव नव्हता हे खरे. परंतु वडिलांकडून मालमत्तेचा व्यवसाय वारशाने मिळालेल्या माणसाला उपरा म्हणणे मला सहन होत नाही. ज्यांना आत येऊ दिले गेले नाही ते उपरे. ज्यांना आत यायची गरजच भासली नव्हती, त्यांच्यासाठी दुसरा शब्द शोधा.

'धंदेवाईक'बद्दल एक सांगते. आज ज्याला आपण व्यावसायिक रंगभूमी म्हणतो, तिला पूर्वी धंदेवाईक म्हणत असत आणि त्या शब्दाला वास यायला लागल्यावर 'व्यावसायिक' पुढे आला. वास घालवणारा शब्द वापरायचा की वास आणणारा, हे लेखकाच्या सुरावरून ठरवावे.

निर्भेळ:
'आउटसायडर' मराठीत जसाच्या तसा ठेवण्याची सूचना कोणी करण्यापूर्वीच माझा विरोध नोंदवून ठेवतो. 'बहिःस्थ' हा शब्द आपल्याकडे तयार आहे, विद्यापीठे तो कितीतरी वर्षे वापरत आली आहेत आणि त्याला कोणताही कलंक चिकटलेला नाही. 'महापौर', 'हुतात्मा', 'दिनांक' हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक नाक मुरडत होते.

परभणीकर:
'बहिःस्थ' म्हटले की मला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलेली माझी आत्येबहीण आठवते. पण विचार केल्यावर वाटते की अर्थ फार जवळ गेला आहे, कारण वर्गात एक दिवसही न बसता थेट परीक्षेला आलेला तो बहिःस्थ. अडचण एवढीच की 'बहिःस्थ' हा शब्द सभेत कोणी उच्चारणार नाही, आणि मतदाराच्या तोंडी न बसणारा शब्द मतदारांविषयीच्या लेखात शोभत नाही.

याच ओघात 'उमेदवारी' या शब्दाकडे लक्ष वेधतो. पूर्वी कचेरीत किंवा कारखान्यात बिनपगारी राहून काम शिकणे म्हणजे उमेदवारी करणे, आणि 'उमेदवारीच्या दिवसांत मी अमुक साहेबांच्या हाताखाली होतो' असे माझे वडील म्हणत. आता उमेदवारी म्हणजे तिकीट. २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडण्याची तरतूद झाली, तेव्हा आमच्या गावात सैन्यातून निवृत्त झालेला एक सुभेदार निवडून आला. वीस वर्षे सतरंज्या घातलेला, रात्री-अपरात्री लोकांना दवाखान्यात नेलेला कार्यकर्ता पडला. मी मत सुभेदाराला दिले, कारण त्याचे कोणाशी देणेघेणे नव्हते आणि त्यामुळे तो रेशनच्या दुकानाबद्दल खरे बोलू शकत होता. पण निकालाच्या संध्याकाळी तो कार्यकर्ता पारावर एकटा बसून हातातली मतदारयादी घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घडी घालत होता, ते मी अजून विसरलेलो नाही. उमेदवारी केली एकाने आणि मिळाली दुसऱ्याला.

पाटपाणी:
'उपरा' शब्द टाकून देण्याआधी त्याच्या सख्ख्या भावंडाकडे पाहावे अशी माझी विनंती आहे. मराठेशाहीतल्या गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने त्याची. सारा भरत राहिला तर ती कोणी काढून घेऊ शकत नसे, त्याला ती विकता येई आणि गावाच्या कारभारात त्याचा शब्द चाले. उपरी दुसरीकडून आलेला, मुदतीच्या बोलीवर जमीन कसणारा आणि गावकीत बोलण्याचा हक्क नसलेला. पेशवाई गेल्यानंतर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यातही हे दोन वर्ग आलेले आहेत.

माझ्या आजोबांच्या ट्रंकेत मोडीतला एक कागद होता. चार घड्यांच्या रेषांवर तो फाटत आला होता आणि त्याच्या मागे आजीने खळीने मलमलीची पट्टी चिकटवली होती. त्यात आमच्या एका पूर्वजाने मिरास विकत घेतल्याची नोंद आहे, आणि त्याच्या नावाआधी 'उपरी' लिहिलेले आहे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, 'सत्ता ही कोणाची मिरासदारी नव्हे' असे आपण आजही सहज म्हणतो. लोकांचा रोष पुढारी वर्षानुवर्षे राजकारण करतो यावर नसतो. वैद्य जुना असलेला सर्वांनाच हवा असतो. मॅक्स वेबरने १९१९ साली म्युनिकच्या व्याख्यानात राजकारणासाठी जगणारे आणि राजकारणावर जगणारे असा भेद केला होता, त्याच्याही पलीकडची ही गोष्ट आहे. लोकांनी मुदतीच्या बोलीवर कसायला दिलेले शेत पुढाऱ्याने स्वतःच्या, मग मुलाच्या, मग सुनेच्या नावावर लावून घेतले, म्हणजे लोकांना पुन्हा एखादा उपरी हवासा वाटतो. त्याला शेती येते की नाही हा प्रश्न तेव्हा मागे पडतो. म्हणून आपल्या जोडीतला दुसरा शब्द 'धंदेवाईक'ही नव्हे आणि 'व्यावसायिक'ही नव्हे, तो 'मिरासदार' आहे.

निर्भेळ:
'मिरास' अरबी आणि 'दार' फारसी. दोनशे वर्षांपूर्वीचा परका शब्द उकरून काढण्यापेक्षा 'वंशपरंपरागत सत्ताधारी' म्हणावे.

पाटपाणी:
तो आपल्या सातबारापेक्षा जुना आहे आणि आडनावांतही उतरला आहे. त्याला परका म्हणायचे, तर आपण चर्चेला सुरुवात केली त्या प्रश्नाकडेच परत येतो.

सुलतानबाजार:
मी हैदराबादेत वाढलेली मराठी आहे. १९८२ च्या मार्चमध्ये, तोवर पडद्यावर कृष्णाच्या भूमिका करणारे तेलुगू नट एन. टी. रामाराव यांनी पक्ष काढला आणि १९८३ च्या जानेवारीत ते जिंकले. त्यांचा रथ, म्हणजे फेरफार केलेली जुनी शेव्हरोले गाडी, आमच्या रस्त्यावरून गेला तेव्हा मी वडिलांच्या खांद्यावर होते, आणि समोर खाकी कपड्यातला माणूस असूनही शेजारच्या आजी कृष्णाला करावा तसा नमस्कार करत होत्या. त्याआधीच्या पाच वर्षांत काँग्रेसने आंध्रात चार मुख्यमंत्री बदलले होते आणि प्रत्येकाचे नाव दिल्लीत ठरले होते. तेव्हा राजकारणाला परके असलेले रामाराव लोकांना घरचे वाटत होते आणि मुरलेले पुढारी वरून आलेले, म्हणजे उपरे, वाटत होते. या शब्दात 'उपरि', म्हणजे वर, दडलेला आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.

म्हणून बोरूताई, 'बाहेरचा' हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. कशाच्या बाहेरचा, हे मूळ इंग्रजी शब्दाने गृहीत धरले आहे. तो राजधानीत उभे राहून बाहेर बघतो, आपला 'उपरा' गावात उभा राहून वेशीकडे बघतो. मतदार वेशीच्या आत असतो.

तळटीप:
ही मांडणी मला पटते, तरी एक विचारते. पाटपाण्यांच्या कागदातल्या उपऱ्याने शेवटी मिरासच विकत घेतली. रामारावांच्या घरातही सत्ता जावयाकडे गेलीच. दिल्लीत २०१५ साली सत्तरपैकी ६७ जागा मिळवणारा पक्ष २०२५ मध्ये २२ वर आला, तोवर लोक त्याला इतरांसारखाच एक पक्ष म्हणू लागले होते. मग हा शब्द माणसाचा आहे की मुदतीचा?

बोरू:
मजकूर उद्या छपाईला जातो आहे. 'राजकारणाबाहेरचा' ठेवला आहे, आणि 'व्यावसायिक' खोडून 'मिरासदार' लिहिले आहे. बाई काय म्हणतात ते कळवते.

निर्भेळ:
जो निवडणूक लढवतो तो राजकारणाबाहेरचा कसा, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

पाटपाणी:
सुलतानबाजार, 'उपरि'वरून 'उपरणे' येते हे मान्य, पण 'उपरी'त वरून आल्याचा अर्थ असता तर तो गावकीत शेवटच्या जागी बसला नसता. यावर मला उद्या सविस्तर लिहायचे आहे.