लस आणि चॅटबॉट: आधी बाटली कुठली ते विचारा

शीतसाखळी: 'लशीला नाही म्हणणारे पालक चॅटबॉटकडे सोपवा, तो न कंटाळता पटवेल' ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. आईनं विचारायचा अवकाश, 'एमएमआरनं (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीनं) ऑटिझम होतो का?', की बॉट सुरू: तसा संबंध सुचवणारा डॉक्टर वेकफिल्डचा निबंध, १९९८, बारा मुलं, २०१० मध्ये निबंध रद्द. सगळं खरं. पण तिच्या मनात असतं भलतंच: मागच्या डोसला बाळ रात्रभर रडलं, परत तसंच होणार का? आधी ते काढून घ्यायचं, मग 'सांगू का?' म्हणून विचारायचं, मग माहिती. पटवणं या क्रमानं होतं.

कोपरखळी: मग तो क्रम बॉटला लिहून द्या की! पहिल्या उत्तरात एकही आकडा नको, फक्त एक प्रश्न. २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला प्रयोग बघा. कटकारस्थानं खरी मानणारे दोन हजारांवर लोक, बॉटशी तीन फेऱ्या, विश्वास सरासरी २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनीही उतरलेलाच होता. रांग लागलेल्या ओपीडीत एवढा वेळ कोण देतं?

शीतसाखळी: त्यात मत मोजलं होतं. टोचलेली बाळं नाही.

थेंबेथेंब: तुमचं चालू द्या, पण 'लशीनंतर ताप आला, पॅरासिटामॉल किती एमएल देऊ?' याला काय उत्तर ठरवलंय? किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे सहा किलोच्या बाळाला ९०. सिरप ५ एमएलमध्ये १२० मिग्रॅचं असेल तर पावणेचार एमएल. थेंबांची बाटली, एमएलला १०० मिग्रॅ, असेल तर ०.९. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं की एका वेळी ३७५ मिग्रॅ पोटात. दिवसातून चारदा तसंच दिलं तर यकृताशी खेळ.

कोपरखळी: विषय पटवण्याचा आहे, औषधांच्या दुकानाचा नाही.

थेंबेथेंब: ताप हाच विषय आहे, साहेब! पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीचा, ताप एक-दोन दिवसांत येतो, गोवराच्या लशीचा साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी. टोचताना 'दोन दिवस ताप येईल' एवढंच सांगितलं, तर नवव्या दिवशी अंग तापल्यावर आई काय समजेल? आपल्यापासून लपवलं. तापातली आकडीही त्याच दिवसांत येते, तीन-चार हजार डोसांत एखादी. हे आधी सांगितलेलं असलं तर पुढच्या डोसला आई येते. आणि ताप येऊ नये म्हणून टोचण्याआधीच पॅरासिटामॉल पाजण्याचा सल्लाही बॉटनं सरसकट देऊ नये. काही लशींत त्यानं प्रतिपिंडं कमी तयार होतात.

शीतसाखळी: वा, माझा मुद्दा माझ्यापेक्षा बरा मांडलात.

थेंबेथेंब: तुमची बाजू घेतलेली नाही. नवव्या दिवशी रात्री दोनला आईच्या हाताशी बॉटच असतो.

कोपरखळी: बरं, हरलो म्हणा हवं तर. डोस विचारला की बॉट आधी बाळाचं वजन आणि बाटलीच्या लेबलाचा फोटो मागेल. झालं समाधान?

शीतसाखळी: औषध ओघळून अर्धं पुसलेलं ते लेबल? काढा फोटो.