मदत हवी आहे: दारू एकदम बंद झाल्याने मामा भ्रमात गेलेत, झोपेचं इंजेक्शन चालू आहे, देऊ द्यावं का?

नमस्कार, आयसीयूबाहेर बसून लिहितेय, चुका समजून घ्या. माझे मामा, वय ५४, गेली पंधरा वर्षं रोज संध्याकाळी दोन क्वार्टर ठरलेल्या. रविवारी रात्री शेवटची घेतली, सोमवारी सकाळी गाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, मंगळवारी रॉड टाकला. अ‍ॅडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं दारू घेतात का, तर मामी म्हणाली कधीतरी लग्नकार्यात, आणि मी शेजारी उभी असून गप्प राहिले, ते आता फार खातंय मला.

मंगळवारी संध्याकाळपासून हात थरथरत होते, घामाने चादर भिजली, आम्हाला वाटलं ऑपरेशनचं दुखतंय. बुधवारी रात्री सलाईन उपटलं, अंगावर मुंग्या चढतायत म्हणून झटकत राहिले, मला ओळखलं नाही आणि त्याच पायावर उभं राहून कामावर जायला निघाले. शेवटी हात बांधावे लागले. तेव्हा मामीने रडत रडत खरं सांगितलं, मग आयसीयूत हलवून शिरेतून लोराझेपाम, म्हणजे ते झोपेचं इंजेक्शन, चालू केलं.

आता दिवसभर झोपून आहेत. हाक मारली की डोळे उघडतात, हूं म्हणतात, परत झोप. मामी म्हणते एक नशा सोडवायला दुसरी लावतायत, मी सही करते, बंद करा. इंजेक्शनची वेळही ठरलेली नाही, कधी दोन तासांनी देतात कधी पाच तास काहीच नाही. तिच्या भावाला अशाच वेळी शांत करायला लिब्रियमच्या गोळ्या दिल्या होत्या, मग इथे वेगळं का? (सोनोग्राफीत सिरॉसिस, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक झालेलं, दिसलाय.) एक नातेवाईक तर म्हणतोय गुपचूप नाइन्टी पाजा, शांत होतील. मामीला काय सांगू?

प्रतिसाद:
ताई, मी आयसीयूत सिस्टर आहे, अकरा वर्षं झाली. आधी मामींना सही करू देऊ नका. दारू रोज मेंदूला दाबून ठेवते, मेंदू उलटा जोर लावायला शिकतो, आणि दारू एकदम गेली की तो जोर मोकळा सुटतो. पहिल्या दोन दिवसांत थरथर, घाम, फिट, आणि साधारण दोन ते चार दिवसांत असा भ्रम. याला आम्ही डीटी (डिलिरियम ट्रेमेन्स) म्हणतो. उपचार नसले तर माणूस दगावू शकतो. लोराझेपाम दारूच्याच जागी मेंदूला शांत करतं, पण ते मोजून देता येतं आणि काही दिवसांत उतरवता येतं. सवय लागते ती घरी आठवडेच्या आठवडे घेत राहिलं तर.

वेळ ठरलेली नाही ते चांगलंच आहे, याचा अर्थ पेशंट बघून देतायत. बोलत्या पेशंटला आम्ही हात पुढे करायला लावतो, घाम, मळमळ, घाबरेपणा बघून मार्क देतो. भ्रमातला माणूस नीट उत्तरं देत नाही, म्हणून तिथे किती खवळलाय, किती झोपलाय हे रास तक्त्यावर बघतात, अधिक ४ म्हणजे फार खवळलेला, वजा ५ म्हणजे अजिबात न उठणारा. हाकेला डोळे उघडतात एवढीच झोप हवी असते. हलवूनही उठले नाहीत, श्वास मंद वाटला, घोरणं वेगळं वाटलं तर लगेच सिस्टरला बोलवा.

लिब्रियम लिव्हरमध्ये सावकाश फुटतं, त्याचे तुकडेही दिवसेंदिवस अंगात राहून काम करतात. सिरॉसिसमध्ये ते साचतं. लोराझेपामला लिव्हरचं काम कमी लागतं, म्हणून ते निवडलं असणार.

नाइन्टी अजिबात नको, इंजेक्शनवर ही दारू पडली तर श्वास थांबू शकतो. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: थायमिन (व्हिटॅमिन बी१) चालू आहे ना, ते ग्लुकोजच्या आधी जायला हवं, नाहीतर स्मरणशक्तीला कायमचा धक्का बसू शकतो. आणि पायासाठी कोणतं पेनकिलर चालू आहे? ट्रामाडॉल असेल तर आवर्जून बोला, त्याने फिटचा धोका वाढतो आणि ते व लोराझेपाम मिळून श्वास मंदावू शकतो.

मूळ धागाकर्ती:
सिस्टर, खूप आभार. मामीला तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून दाखवला, सही करणार नाही म्हणाली. थायमिन पहिल्या रात्रीपासून आहे. पेनकिलर ट्रामाडॉलच होतं, डॉक्टरांनी बदललं. किती प्यायचे तेही मी आता क्वार्टरच्या हिशोबात खरं सांगितलं. आज पहाटे मामांनी मला नावाने हाक मारून पाणी मागितलं, हात सोडलेत. आता एकच विचारते, डिस्चार्जच्या वेळी लोराझेपामच्या गोळ्या घरी लिहून दिल्या तर त्या मामींच्या ताब्यात ठेवू का माझ्या, आणि किती दिवसांत बंद होतात साधारण?