मदत हवी आहे: लेक स्नोबोर्डवर उभीच राहत नाही

घाईत_आहे
लेकीला स्नोबोर्डिंग शिकवतोय. उभी केली की लगेच बसते. पुन्हा उभी केली की पुन्हा बसते. बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर जरा तरी घसरते, चवड्याकडच्या कडेवर आणलं की थेट तोंडावर. शनिवारी परत जायचंय, तोवर काहीतरी ठोस सांगा. व्हिडिओ सगळे बघून झालेत, लिंका नकोत. ‘क्लास लावा’ पण नको, जागा भरल्यात.

बर्फाळ
वय? उंची? वजन? बोर्ड केवढा? तुम्हाला स्वतःला येतं का? एवढं तरी लिहा की राव. आणि बसते म्हणजे घाबरून बसते की तोल जाऊन? दोन्हींचे उपाय वेगळे.

घाईत_आहे
मला येतं. बोर्ड तिच्या चुलतभावाचा आहे, एकदम चांगल्या कंपनीचा. हेल्मेट आहे. आता सांगा.

जुना_स्कीवाला
माझं ऐका, आधी स्की शिकवा. दोन्ही पाय मोकळे, समोर बघत जायचं, पुढची टोकं जवळ आणून मागे पाचर केली की ब्रेक. सकाळी सुरू केलेलं पोर दुपारपर्यंत स्वतःच्या स्वतः थांबायला शिकतं. बोर्डवर दोन्ही पाय एका फळीला बांधलेले आणि तोंड आडवं. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, घोट्यात ताकद नसते. सात-आठ वर्षांची झाली की बोर्ड द्या.

चिऊची_आई
काका, हा नियम लहान मुलांचं सामानच मिळत नव्हतं तेव्हाचा. आता ८० सेंटीमीटरचे बोर्ड मिळतात, मऊ असतात, कडा जरा वर उचललेल्या असतात म्हणजे पटकन बर्फात रुतत नाहीत. माझी लेक तिसऱ्या वर्षी उभी राहिली. अमेरिकेच्या स्नोबोर्डर क्लोई किमने चौथ्या वर्षी सुरुवात केली आणि २०१८ मध्ये सतराव्या वर्षी हाफपाइपचं (बर्फाच्या अर्ध्या नळीसारख्या घळीत उड्या मारायच्या) ऑलिंपिक सुवर्ण घेतलं.

जुना_स्कीवाला
प्रत्येक घरात क्लोई किम नसते.

चिऊची_आई
सुवर्ण कुणाला हवंय? उभं राहायचंय फक्त.

बर्फाळ
ते राहू द्या हो. घाईतसाहेब, ‘चांगल्या कंपनीचा’ ही लांबी नव्हे. बोर्ड उभा धरला तर लेकीच्या कुठपर्यंत येतो?

घाईत_आहे
कपाळाच्या वर. ११० आहे. ती १०५ असेल, पाच वर्षांची. वजन १७-१८ किलो. वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षी बसेलच की.

बर्फाळ
इथेच आहे घोडं. बोर्ड छाती ते हनुवटीच्या मध्ये यायला हवा, म्हणजे तिला ८० ते ९०. आणि लांबीपेक्षा मोठा प्रश्न वजनाचा. बोर्ड जरासा वाकला, पिळला गेला की कड धरते. बोर्डवर किती किलोच्या माणसासाठी तो आहे ते बहुतेकदा छापलेलं असतं, बघून घ्या. जड मुलासाठी केलेला बोर्ड १८ किलोची पोर वाकवू शकत नाही. तो सरळसोट जाणार, आणि ती बसणार. तिच्याकडे दुसरा ब्रेकच नाही! बूट कुणाचे?

घाईत_आहे
बूट पण त्याचेच. दोन जोड मोजे घातले की बसतात.

चिऊची_आई
अरे देवा. दोन जोड मोजे अजिबात नको. पाय आत फिरतो, टाच उचलली जाते, आणि रक्तपुरवठा दाबला जाऊन पाय उलट गारच पडतात. एकच पातळ लोकरी मोजा, बूट मापाचे. चवड्यावर तोंडघशी पडते त्याचं अर्धं कारण हेच. टाच बुटात उचलली जाते, बोर्डला काही कळतच नाही.

टवाळ
गॉगलवर वाफ धरते त्याला एक उपाय आहे. आतल्या बाजूने कधीही पुसायचा नाही, वरचा थर निघतो. कपाळावर चढवून ठेवायचा नाही, घामाची वाफ आत शिरते.

शंकासुर
गॉगलचं कुणी विचारलंय?

टवाळ
पुढे विचारतील म्हणून आधीच सांगितलं. हलकेच घ्या.

दोरीवाला
एवढी चर्चा कशाला? हार्नेस घ्या. कमरेला पट्टा, मागे दोरी, तुम्ही वरून धरा. वेग तुमच्या हातात, पोरगी बिनधास्त. माझी दोन्ही मुलं अशीच शिकली.

बर्फाळ
हार्नेसला कडाडून विरोध. मागून ओढ लागली की मूल दोरीवर रेलतं, सगळा भार मागच्या पायावर. बोर्ड वळतो पुढच्या पायावर भार दिला की. दोरी सुटेल त्या दिवशी शून्यापासून सुरुवात, वर मागे रेलायची सवय मोडायची ते वेगळंच.

दोरीवाला
नीट धरता येत नसेल त्यांच्यासाठी हा प्रॉब्लेम आहे. दोरी सैल ठेवायची असते, अडीनडीलाच ताणायची.

बर्फाळ
सैलच ठेवायची तर बांधायची कशाला?

इतिहासप्रेमी
अवांतर: दोरी तर या खेळाच्या जन्मापासून आहे. १९६५ च्या नाताळात शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की शेजारीशेजारी जोडून फळी केली, तिचं नाव पडलं स्नर्फर. तिच्या पुढच्या टोकाला दोरी होती. म्हणजे पहिला स्नोबोर्डच मुळी लहान मुलींसाठी झाला, त्यामुळे ‘आधी स्की’वाल्यांनी विचार करावा. ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला १९९८ ला, नागानोला.

बर्फाळ
ती दोरी चालवणारा स्वतःच्या हातात धरायचा हो. मागून बाप नाही!

दोरीवाला
बोर्डच्या पुढच्या टोकाला बांधायची दोरी मुलांसाठी आजही मिळते.

बर्फाळ
तिला माझी हरकतच नाही. सपाटीवर आपण पुढून ओढायचं, मूल नुसतं उभं राहून घसरण्याची मजा घेतं. बोर्ड पायाखाली सरकतो आणि तरी आपण पडत नाही, हे अंगात मुरायला त्याच्याइतकं छान काही नाही. मी कमरेच्या पट्ट्याबद्दल बोलतोय.

घाईत_आहे
दोरीचं भांडण संपलं असेल तर चवड्याचं कुणीतरी सांगा.

शंकासुर
बाइंडिंग (बूट बोर्डला बांधायचे पट्टे) कोणत्या कोनात आहेत? आणि तिचा पुढचा पाय कोणता? चुलतभाऊ रेग्युलर (डावा पाय पुढे) की गूफी (उजवा पुढे)?

घाईत_आहे
कोनांना हात लावलेला नाही, दोन्ही पाय पुढच्या बाजूला वळलेले दिसतात. भाऊ गूफी आहे. हिचं तपासलं नाही, लहान मुलांना काय फरक पडतो?

शंकासुर
फरक पडतो. तो उजवा पाय पुढे ठेवणारा, बाइंडिंग त्याच्या सवयीची, आणि त्यात ही उभी. वर दोन्ही पावलं एकाच दिशेला. बदक उभं राहतं तशी करा: पुढचं पाऊल १२ अंश बाहेर, मागचं उणे १२, म्हणजे उलट बाजूला तेवढंच बाहेर. अंतर खांद्याइतकं. मधल्या चकतीवर अंशांच्या खुणा असतात, चार स्क्रू, ३ नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, पाच मिनिटांचं काम. या वयात बऱ्याच मुलांचा पुढचा पाय ठरलेलाही नसतो. दोन्ही बाजूंना सारखा कोन असला की उजवं-डावं दोन्ही चालतं.

चिऊची_आई
+१. आता चवडा. टाचेवर असताना तुम्ही तिच्या उताराच्या बाजूला उभे राहून दोन्ही हात धरता ना? चवड्यावर बाजू बदला, तुम्ही चढाकडे उभे राहा. ती चढाकडे तोंड करून उभी, हात तुमच्या हातात, नजर तुमच्या चेहऱ्यावर. खाली बोर्डकडे बघितलं की कंबरेत वाकणार, बूड मागे जाणार आणि संपलं. गुडघे पुढे, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली, पोट पुढे. आधी हे घरात गालिच्यावर करून घ्या, बोर्ड बांधून टाच-चवडा-टाच असं डुलायचं. पडली तर पोटावर वळून गुडघ्यांवरून उठवा, बसल्या जागेवरून उठणं मुलांना फार जड जातं. आणि पडताना मुठी मिटून कोपरापासून हात टेकायला शिकवा. नवशिक्यांची मनगटं सगळ्यात आधी जातात. मनगटाचे गार्ड आहेत का? हेल्मेटचं लिहिलंत, त्यांचं नाही.

घाईत_आहे
गार्ड घेतो.

जुना_स्कीवाला
स्कीला हे काही लागलं नसतं.

शंकासुर
स्कीला गुडघा जातो, काका.

घाईत_आहे
शनिवारचा अपडेट. ९० चा बोर्ड आणि बूट भाड्याने घेतले, कोन १२/१२ केले. हात धरून चवड्यावर बरीच खाली आली, हसत होती. हात सोडले की अजून बसते, पण आता टाचेवर थांबून मग बसते. आता पुढचं सांगा: चेअरलिफ्टवर (वर नेणाऱ्या लटकत्या खुर्च्या) कसं न्यायचं? रविवारी वरच्या उतारावर जायचंय.

बर्फाळ
रविवारी कुठल्या? उद्याच्या?

घाईत_आहे
हो.

चिऊची_आई
नका नेऊ. लिफ्टवरून उतरताना मागचा पाय सोडलेला असतो, एका बांधलेल्या पायावर घसरायचं असतं. ते सपाटीवर जमलंय का तिला? उद्या मॅजिक कार्पेटवरच ठेवा. तो जमिनीवरचा सरकता पट्टा हळू चालतो, उतरायला नुसतं सरळ उभं राहायचं. एका पायाने ढकलत चालायला तिथेच शिकवा.

घाईत_आहे
आणि मी उतरताना तिला काखेत उचललं तर?

दोरीवाला
हार्नेसला मागे हँडल असतं, तेवढ्यासाठी तरी घ्या.

बर्फाळ
हे मात्र मान्य. हँडल ठेवा, दोरी घरी.