ॲसेटिक ॲसिड दहापट पातळ केलं तरी पीएच अर्ध्या अंकानेच का वाढतो?

नेरुळ_बारावी: ०.१ मोलार ॲसेटिक ॲसिडचा पीएच २.९ आला. त्यातलं १० मिली घेऊन १०० मिली केलं, तर ३.४. हायड्रोक्लोरिकचा मात्र १ चा सरळ २ झाला. शिवाय ०.१ मोलार कॉस्टिक सोडा दोन्ही आम्लांच्या १० मिलीला १० मिलीच लागला. ॲसेटिक जेमतेम एक टक्का आयनांत सुटतं, मग सोडाही तेवढाच कमी लागायला नको का? आणि दर्शक (पीएचनुसार रंग बदलणारा पदार्थ) म्हणून मिथिल ऑरेंज घातलं तेव्हा ३ मिलीलाच पिवळं झालं. चुकतंय कुठे?

कोपरी_रसायन: काही चुकलेलं नाही, आकडे जागेवर आहेत. ॲसेटिकचा रेणू पाण्याला प्रोटॉन देतो आणि ॲसिटेट तो परत घेतो. दोन्ही वेग जुळले की समतोल. आम्ल किती सुटतं हे सांगणारा विचरण स्थिरांक २५ अंशांना ०.००००१८. त्याला संहतीने भागून वर्गमूळ काढा: ०.१ मोलारला १.३ टक्के रेणू सुटलेले, ०.०१ ला ४.२ टक्के. पाणी वाढलं की आयन लांब पांगतात, परत जुळणं कमी होतं, तुटणं मात्र पूर्वीसारखंच चालू राहतं. म्हणून आम्ल दहापट घटलं तरी हायड्रोजन आयन ३.२ पटच घटले, आणि ३.२ चा लॉग ०.५. हायड्रोक्लोरिक आधीच पूर्ण सुटलेलं, त्याच्याकडे भर घालायला काही शिल्लकच नाही.

०.००१ मोलारला हे वर्गमूळ वापरू नका. ते १३.४ टक्के सांगतं, वर्गसमीकरण सोडवलं तर १२.५ येतात. कारण सूत्रात सुटलेला भाग नगण्य धरलाय.

रबाळे_लॅब: सोड्याचं उत्तर: पीएच मीटरला फक्त मोकळे आयन दिसतात, ब्युरेटला (सोडा मोजून सोडायच्या नळीला) सगळं आम्ल. मोकळा प्रोटॉन सोड्याने खाल्ला की समतोल ढळतो, पुढचा रेणू तुटतो. शेवटच्या रेणूपर्यंत हेच. ३ मिलीला पीएच ४.४ असतो आणि मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच रंग बदलतं, म्हणून ते इथे फसवणारच. खरा अंत्यबिंदू, म्हणजे सगळं आम्ल संपतं ती जागा, पीएच ८.७ ला, तिथे फिनॉल्फ्थॅलीनच हवं. ९.५ मिलीनंतर सोडा थेंब-थेंब घाला आणि फिकट गुलाबी ३० सेकंद टिकला की थांबा. नंतर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने विरतो, म्हणून पुन्हा सोडा घालायचा नाही.

स्थिरांक स्वतः काढायचाय? १० मिली आम्लात ५ मिली सोडा घालून पीएच वाचा. निम्मं आम्ल, निम्मं ॲसिटेट, ४.७ च्या आसपासचा तो आकडाच पीकेए, म्हणजे विचरण स्थिरांकाचा ऋण लॉग.

नेरुळ_बारावी: ०.००१ मोलारला ३.९ हवा, येतो ४.८. पाणी नळाचं होतं.

कोपरी_रसायन: मग तेच कारण. मोरबे धरणाचं असो की आणखी कुठलं, नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. लिटरमागे अर्धा मिलीमोल असलं तरी इतक्या पातळ द्रावणातलं निम्मं आम्ल त्यातच खपतं आणि पीएच बरोबर ४.८ ला जातो. ०.१ मोलारला तेवढ्याने फरक कळतही नाही. डिस्टिल्ड वॉटर घ्या, मीटर पीएच ४ आणि ७ च्या बफरवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर) लावून घ्या, मग वाचा.