आईसाठी पुण्याला परतताना ग्रीन कार्डाचे काय करावे?

प्रश्न : न्यू जर्सीत मला १६ वर्षे झाली, पुण्यात एकटी राहणारी माझी ८१ वर्षांची आई हल्ली दूध तापत ठेवून देवघरात जाऊन बसते आणि पातेले करपले तरी तिला कळत नाही, म्हणून दीड वर्ष तिच्याजवळ राहायचे ठरवले आहे. ग्रीन कार्ड कसे टिकवावे?

प्रतिसाद १ : रीएंट्री परमिटचा (बराच काळ बाहेर राहून अमेरिकेत परत येण्यासाठीच्या परवान्याचा) अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि ते साधारणपणे २ वर्षांपर्यंत चालते. त्या अर्जासाठी लागणारे बोटांचे ठसे देऊनच निघावे. अमेरिकेचे करविवरणपत्र मात्र दरवर्षी भरत राहा.

प्रतिसाद २ : कागदपत्रे होतील, आईची स्मृतिभ्रंशाची तपासणी आधी करून घ्या. माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही ‘वयोमानाने होते’ म्हणत वर्ष घालवले, त्याची खंत अजून आहे.