अनुभव धागा : गाण्यापायी काय काय घेतलंत?

धागाकर्ती :
परवा माळा साफ करताना दादाची टोपी सापडली. काळी, फेल्टची, कडेला बुरशी धरलेली. १९९६ ची. त्या वर्षी १ नोव्हेंबरला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन येणार होता आणि दिवाळी त्यानंतर आठवड्याभरात होती. दादाकडे तिकीट नव्हतं, मिळायची आशा नव्हती, गाण्यातलं इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. दिवाळीच्या कपड्यांचे पैसे मात्र हातात होते. त्यानं टोपी आणली. आई म्हणाली, "आता पाडव्याला टोपीच घालून बस." बसला! जुना शर्ट, नवी टोपी, अभ्यंगस्नान झालेलं, ओवाळताना टोपी काढायला तयार नाही.

कार्यक्रम शिवसेनेशी जोडलेल्या शिव उद्योग सेनेनं भरवला होता. सरकारनं त्याचा करमणूक कर माफ केला म्हणून जो वाद कोर्टात गेला, तो पार २०२१ सालच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीपर्यंत पुरला. टोपी त्याहून जास्त टिकली.

तर विचारायचं हे की एखाद्या गाण्यापायी, गाणाऱ्यापायी, पडद्यावरच्या चेहऱ्यापायी तुम्ही काय विकत घेतलंत? वस्तू सांगा, किंमत आठवत असेल तर तीही, आणि घरचे काय म्हणाले ते सांगाच. फक्त "हल्लीची पिढी" या शब्दांनी सुरुवात करू नका, प्लीज.

टेपरेकॉर्डर :
मी घेतलं नाही, मी विकलं. एसटी स्टँडसमोर कॅसेटचा गाळा होता माझा, १९८८ ते २००३. तेव्हा कॅसेट पानपट्टीवर, किराणा दुकानातसुद्धा मिळायची, त्यामुळे माझ्याकडे गिऱ्हाईक यावं म्हणून मी पोस्टर फुकट द्यायचो. पुढे पुढे लोक पोस्टर बघूनच कॅसेट मागायला लागले. गाणी कुठली आहेत ते घरी गेल्यावर कळणार.

१९९५ ला 'मेड इन इंडिया' हा अल्बम आला. अलिशा चिनॉयचं नाव घेऊन मागणारे मोजके. कॉलेजच्या पोरी यायच्या, एकमेकींना ढोसायच्या आणि शेवटी त्यांतली धीट असेल ती म्हणायची, "काका, ते पेटीतून निघतो ना, त्याचं द्या." गाण्याच्या व्हिडिओत पेटीतून मॉडेल मिलिंद सोमण निघायचा. गायला एक शब्द नाही त्यानं. मी कॅसेटच्या खोक्यावर स्केचपेननं 'पेटीवाला' लिहून ठेवलं होतं, म्हणजे भाच्याला शोधायला बरं. तोवर आम्ही गाणं कानानं विकत होतो. केबल आल्यावर डोळ्यानं विकायला लागलो आणि माझ्या धंद्याला ते चांगलंच मानवलं, खोटं कशाला बोलू.

म्हापशेकार :
आमचा रेमो! शिवोलीचा रेमो फर्नांडिस. आमच्याकडे त्याच्या गाण्यांची पारायणं व्हायची, गोव्यातल्या राजकारण्यांची तो टर उडवायचा म्हणून बाबांनाही आवडायचा. आणि एक दिवस टीव्हीवर जूही चावलाबरोबर तो लहर पेप्सीच्या जाहिरातीत. "येही है राइट चॉइस बेबी, अहा!" आम्ही चौघं चुलत भावंडं थेट बाजारात. एक बाटली, चार स्ट्रॉ. मधल्यानं जास्त ओढली म्हणून तिथंच मारामारी.

घरी आल्यावर आजीला "अहा" करून दाखवलं. ती सोलकढी गाळत होती. म्हणाली, "ह्याला कधी अहा म्हटलं नाहीस रे."
त्यानंतर काही दिवस आम्ही सोलकढीलाही अहा म्हणत होतो. रेमोवर राग वगैरे नाही आला. आपल्या गावचा माणूस देशभर दिसतोय याचंच अप्रूप होतं.

उंडगा :
गॉगल. काळा, गोल. जुलै महिना, धो धो पाऊस, लोकलच्या दारात. एवढंच.

जांभळी :
मी १९ वर्षांची आहे, त्यामुळे मीच ती "हल्लीची पिढी". बीटीएस, कोरियातला मुलांचा बँड. सातवीत असल्यापासून.

जून २०२१ मध्ये मॅकडोनाल्ड्सनं बीटीएस मील काढलं. चिकन नगेट्स, फ्राइज, कोक आणि दोन सॉस. आम्ही शुद्ध शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. मला खायचं नव्हतंच, मला जांभळी पिशवी, ग्लास आणि नगेटचा डबा हवा होता. लॉकडाऊन नुकतं सैलावत होतं. पप्पांच्या फोनवरून ऑर्डर केली, नगेट्स खाली वॉचमनकाकांना दिले आणि रिकामा डबा वर आणून भांड्यांच्या साबणानं धुतला. पुठ्ठा तो, भिजून मऊ झाला. मग हेअर ड्रायरनं वाळवला. अजून कपाटात आहे. आईला वाटतं त्यात केक होता. (आई हे वाचत नाही.)

फोटोकार्डांचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : अल्बममध्ये सीडी असते, जी लावायला घरात काही नाही. सोबत मेंबरचं एक छोटं कार्ड असतं, कुठल्या मेंबरचं ते फोडल्याशिवाय कळत नाही. आपला बायस, म्हणजे आवडता मेंबर, निघाला नाही की एकतर अदलाबदल करायची किंवा दुसरा अल्बम. आम्ही बारा जणींनी ग्रुप ऑर्डर केली होती, कस्टम्स आणि कुरिअर धरून माझ्या वाट्याला साधारण १,९०० आले. माझ्या कार्डात नको तो निघाला. रडले. लहानपणी आजोबा म्हणे काड्यापेटीच्या छापांची अशीच अदलाबदल करायचे, पण त्यांना छापासाठी काड्यापेटी विकत घ्यावी लागत नव्हती, रस्त्यावर मिळायची.

आमच्या क्लासच्या सरांनी भर वर्गात विचारलं होतं, "ही पोरं आहेत की पोरी?" सगळे हसले. मी त्या वर्षी यूट्यूबवरून हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचायला शिकले. बाराखडीपेक्षा सोपी आहे, खरंच. आता दोन मुलींना ऑनलाइन शिकवते आणि माझे अल्बम माझ्याच पैशांतून येतात. हे कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

परडी :
@जांभळी, तुझं लिहिणं आवडलं, पण मी मराठवाड्यातली शिक्षिका आहे आणि मला डिसेंबर २०२४ विसरता येत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तीन लहान मुलींनी आपलं अपहरण झाल्याचा बनाव केला होता. पुण्याला जायचं, काम करून पैसे जमवायचे आणि कोरियाला बीटीएसला भेटायचं, असा बेत. बातमी आल्यावर स्टाफरूममध्ये हसाहशी झाली. मी मधल्या सुट्टीत सातवीच्या मुलींना सहज विचारलं, कोरियाला जायला किती पैसे लागतील गं? एक म्हणाली पाच हजार. दुसरी म्हणाली, "नाही बाई, दहा तरी लागतील."
बस कुठून सुटते तेही विचारलं एकीनं.

रांगेतला :
२२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी १२. कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडच्या कार्यक्रमाची ऑनलाइन तिकिटं. घरातले पाच फोन आणि एक लॅपटॉप, बायको आंघोळीला जायला तयार नाही. आमच्यापुढे रांगेत लाखो माणसं दाखवत होतं. तीन वाजता ॲपनं बाहेर फेकलं. दुसऱ्या दिवशी २,५०० चं तिकीट कुणीतरी पंचवीस हजारांना देऊ करत होता.
कबुली : मला त्यांची दोनच गाणी येतात. नेरुळला राहतो, स्टेडियम चालत जाण्याच्या अंतरावर, तरी तिकीट नाही याचा अपमान वाटत होता इतकंच. जानेवारीत तिन्ही दिवस गच्चीवर खुर्ची टाकून बसलो. उजेड दिसला आकाशात.

निवृत्त कॉपीरायटर :
जाहिरातीत २६ वर्षं काढली. घेतलेल्या नाही, घ्यायला लावलेल्या वस्तूंची यादी करायची तर धागा पुरणार नाही.

एकच सांगतो. २००० साली केबलवर दारू-तंबाखूच्या जाहिरातींना बंदी आली. मग दारूच्या नावानं सोडा आला, पाण्याची बाटली आली आणि म्युझिक सीडी आली. तुमच्यापैकी कुणी ती सीडी कधी दुकानात पाहिली? मी जिच्या जाहिरातीच्या ओळी लिहिल्या तीही मी पाहिली नव्हती. क्लायंटच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "हवी असेल तर काढू एक." गाणं हे असं निमित्ताला वापरलं जातं. आणि गंमत बघा, बाटलीचं नाव जाहिरातीत चालत नाही, पण गाण्याच्या कडव्यात बिनदिक्कत चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंजाबी गायक दिलजित दोसांझ पुण्यात कोथरूडला गायला, तेव्हा आदल्या-मागल्या गोंधळानंतर उत्पादन शुल्क खात्यानं तिथला मद्याचा परवाना रद्द केला. दारूची गाणी गाऊ नयेत म्हणून तेलंगणात त्याला नोटीस निघाली होती ती वेगळी.

पानमसाल्याच्या नावानं दाखवल्या जाणाऱ्या वेलचीचंही तेच. अक्षय कुमारनं एप्रिल २०२२ मध्ये माफी मागून त्या जाहिरातीतून अंग काढून घेतलं. नंतर जूनमध्ये केंद्रानं नियम काढले, त्यात अशा छुप्या जाहिरातींना मनाई आहे. फसव्या जाहिरातीबद्दल कलाकाराला १० लाख, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड. आकडा मोठा वाटतो का? बड्या कलाकाराच्या एका करारापुढे ती चिल्लर आहे.
बॅडमिंटनपटू गोपीचंदनं २००१ साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर कोलाची जाहिरात नाकारली, तेव्हा आमच्या ऑफिसात त्याला वेड्यात काढलं होतं. मीही काढलं होतं.

बुलेटवाली :
'सैराट', २०१६. आर्ची बुलेटवरून कॉलेजात आली आणि आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये बायांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या मावशीला शिट्टी येते हे तेव्हा कळलं. मी अप्पांकडे बुलेट मागितली. अप्पा म्हणाले, "पिच्चरात पुढं काय झालं ते बघितलंस न्हवं?" त्यावर बोलायला तोंड नव्हतं.
पाच वर्षांनी नोकरी लागल्यावर घेतली, हप्त्यावर. पहिल्याच दिवशी स्टँडवर चढवताना पायावर पडली, नख गेलं. आता अप्पाच मागं बसून बाजारला येतात आणि चौकात ओळखीचं कुणी दिसलं की हळू घ्यायला सांगतात.
जाता जाता : अजय-अतुलनी ते संगीत लॉस एंजेलिसला मोठा ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केलं, आणि आमच्याकडे वरातीत 'झिंगाट' बेंजोवर वाजतं. मला बेंजोवरचंच आवडतं.

माजी खजिनदार :
दहीहंडी. मंडळानं एका टीव्हीवाल्या कलाकाराची सुपारी दिली. सुपारी म्हणजे हजेरीचे पैसे, गैरसमज नको. चार वाजता येणार ते साडेआठला आले, "गोविंदा आला रे" म्हणाले, दोन ओळी गायले, १२ मिनिटांत गाडीत. मी घड्याळ लावलं होतं. त्या वर्षी वह्यावाटप झालं नाही. सर्वसाधारण सभेत एकानंही वह्यांचं विचारलं नाही, पुढच्या वर्षी कोण येणार तेवढं विचारलं. म्हणून 'माजी'.

खडूफळा :
पुण्यात स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतली मुलं येतात अशा शाळेत शिकवतो. फेब्रुवारी २०२३, रॅपर एमसी स्टॅन बिग बॉस जिंकला तो आठवडा. आमच्या मुलांसाठी तो टीव्हीवरचा कुणी नव्हता, "आमच्या इथला" होता. सोमवारी वर्गात शिरलो तर शेवटच्या बाकांवर सगळ्यांच्या गळ्यात चेन. जुन्या बाजारातून आणलेल्या, पितळी की कसल्या कोण जाणे. आठवड्याभरात दोघांच्या माना हिरव्या झाल्या. खोबरेल लावायला सांगितलं.

त्याचं ते "अस्सी हजार के शूज" सगळ्यांच्या तोंडी. एका मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते. त्यानं बूट मागितले नाहीत. त्यानं शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले, बाजूला निळ्या बॉलपेननं एका मोठ्या कंपनीची खूण काढली आणि खाली लिहिलं : ८०,०००. पीटीच्या सरांनी त्याला मैदानाबाहेर उभं केलं. मी काय करायला हवं होतं? बूट बघून हसू आलं, आणि पोटात कालवलंही.

रागावण्यासारखं बरंच होतं. शिव्या वाढल्या, त्याही यमकात. मुलींबद्दल बोलायची भाषा बिघडली, त्यावरून मी तिघांच्या पालकांना बोलावलं. पण एक गोष्ट मी बारा वर्षांत पाहिली नव्हती ती त्या महिन्यात पाहिली. आमची मुलं आंतरशालेय स्पर्धेला गेली की पत्ता सांगताना "स्टेशनजवळ" म्हणतात. त्या वर्षी तोच बूटवाला माइकवर जाऊन म्हणाला, "ताडीवाला रोड," आणि मागे बसलेल्या आमच्या पोरांनी बाकं बडवली. बक्षीस मिळालं नाही. कविता शिवाजी महाराजांवरची होती, मध्येच दोन ओळी त्यानं स्वतःच्या घुसडल्या होत्या. परीक्षकांना त्या आवडल्या नसाव्यात. माझ्या वहीत लिहून ठेवल्यात.

एडिसनहून :
लेक अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टची चाहती. २०२३ च्या मे महिन्यात इथल्या न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमला तिच्या कार्यक्रमाला गेलो, तिकिटाची किंमत मी आईला अजून सांगितलेली नाही. तिथे मुली मण्यांची ब्रेसलेट करून अनोळखी मुलींशी बदलतात. आमच्या डायनिंग टेबलावर महिनाभर मणी, वरणभातातसुद्धा सापडले. अक्षरांचे मणी रोमन. मला एक करून दिलं, त्यावर ए-ए-आय. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, हे कुठल्या गाण्यातलं?

जांभळी :
@परडी, बाई, खरंच पाच हजार म्हणाल्या? मी सातवीत असताना मला वाटायचं ट्रेन जाते.
@धागाकर्ती, ताई, ती टोपी विकायची असेल तर सांगा. तेव्हाच्या वस्तूंना मागणी आहे, बुरशी मी काढून घेईन.

धागाकर्ती :
दादाला फोन लावला. "कोण मागतंय?" म्हणाला. मग म्हणाला, हात लावू नकोस, मी रविवारी येतोय.