ब्रह्म की ब्रम्ह?

नौपाडाकर:
गुरुपौर्णिमेला आमच्या सोसायटीतल्या मुलांनी ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हटलं. पाठांतर चोख, पण एकूण एक मूल ‘गुरुर्ब्रम्हा’ म्हणत होतं. फोड साधी आहे: ब्रह् + म. आधी ‘ह’चा श्वास सोडायचा, मग ओठ मिटायचे. आपण ओठ आधी मिटतो. मी मुलांना तिथेच थांबवून सांगितलं, तर दोन पालक नाराज झाले. फळ्यावरही ‘परब्रम्ह’ लिहिलेलं. लहान वयात जीभ वळते, तेव्हाच शिकवायला नको का?

घोडबंदरवासी:
काका, लिहिताना ‘ब्रह्म’च हवं, ते मान्य. बोलण्याचं वेगळं आहे. मी १५ वर्षं ठाण्यात ब्रह्मांड नावाच्या वसाहतीत राहते. रिक्षावाल्यापासून शेजारच्या आजींपर्यंत सगळे ‘ब्रम्हांड’च म्हणतात. हा आळस नाही. आम्ही, तुम्ही, म्हैस, म्हातारा. ‘म्ह’ आपल्या तोंडात मुरलेला आहे. ‘ह्म’चा ‘म्ह’ होतो, हे १२व्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणातही आहे. ब्राह्मणचं बम्हण, पुढे आपलं बामण. चिह्नचं चिन्ह, प्रह्लादचं प्रल्हाद, आह्लादचं आल्हाद झालं, ते तर आपण छापतोही.
माझ्या मुलीला एका स्पर्धेत असंच मधेच थांबवलं होतं. अजूनही श्लोक म्हणताना ती आधी माझ्या तोंडाकडे बघते.

नौपाडाकर:
प्रल्हाद मराठी झाला, श्लोक मात्र संस्कृतच आहे. ‘गुरुः साक्षात् परब्रह्म’ हा अनुष्टुभ छंदाचा चरण, अक्षरं ८. सातवं अक्षर ‘ब्र’, ते इथे गुरूच, म्हणजे जड वजनाचंच लागतं. पुढचा ‘ह्’ त्यावर रेलतो म्हणून ते गुरू होतं. ‘तु-म्ही’सारखं ‘ब्र-म्ह’ म्हटलंत तर ते लघू, म्हणजे हलकं होईल, चरण लंगडेल.

कळवेकर:
पण ‘तुम्ही’सारखं म्हणतं कोण? टाळी देऊन म्हणून बघा, सगळे ‘म’ दाबून ‘ब्रम्-म्ह’ म्हणतात. वजन जागच्या जागी राहतं. वृत्ताचा मुद्दा मला पटत नाही.
शिकवायचंच असेल तर तळहात तोंडासमोर धरायला सांगा. ‘ब्रह्’ला हाताला ऊब लागली पाहिजे, ‘म’ त्यानंतर. मुलांना दोन मिनिटांत जमतं, ओरडावं लागत नाही.

घोडबंदरवासी:
हे आज रात्री लेकीबरोबर करून बघते. तिला श्लोकात जमलं तर आनंदच आहे. पण घरी ती ‘ब्रम्हांड’ म्हणाली, तर मी टोकणार नाही.

नौपाडाकर:
ताई, भर कार्यक्रमात मुलांना थांबवायला नको होतं, ते चुकलंच माझं. पुढच्या वेळी आठवडाभर आधी बसवून घेईन. पण श्लोकात ‘ह’ आधी, ते मी सोडणार नाही.